‘हात लावू नये’ ही पाटी कोणासाठी?

मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत, वस्तुसंग्रहालये अंधांना हाताने पाहता येतील अशी झाली पाहिजेत, असा ठराव कोणी मांडला तर पुढे काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. कोणी हसणार नाही. समाजवादी माणूस अंधांच्या प्रश्नावर हसत नाही; तो गंभीर होतो, मान डोलावतो आणि पुढच्या विषयाकडे वळण्याची घाई करतो. नाथसागर पन्नास किलोमीटरवर असताना छत्रपती संभाजीनगरच्या नळांना वर्षानुवर्षे दिवसांच्या अंतराने पाणी आले. ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या स्त्रियांची गर्भाशये काढली जात असल्याचे २०१९ साली उघडकीस आले. कापूस पिकवणारा शेतकरी फास लावून घेतो. अशा प्रदेशात दगडी मूर्तींना कोणी हात लावावा आणि कोणी लावू नये, ही चर्चा चैनीची वाटावी यात नवल नाही.

नवल याचे आहे की हा आक्षेप घेणाऱ्यांना आपल्याच चळवळीचा इतिहास आठवत नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले, तेव्हा विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकता आल्याने एकाही दलिताच्या घरची चूल पेटणार नव्हती. गुरुजींना हे कळत नव्हते काय? त्यांना एवढेच कळत होते की जे सर्वांचे आहे त्यापासून काहींना दूर ठेवणारा समाज त्यांना भाकरीही सन्मानाने देत नाही. ‘भाकरी आधी, संस्कृती नंतर’ हा युक्तिवाद ऐकायला क्रांतिकारक वाटतो. पण तो नेहमी दुसऱ्याच्या संस्कृतीविषयी केला जातो. असे बोलणारा कार्यकर्ता दिवाळीच्या सुटीत आपल्या मुलांना अजिंठा दाखवून आणतो, आणि त्याने ते अवश्य करावे. मुलांना अजिंठा दाखवण्यासाठी त्याने मराठवाड्याचा दुष्काळ हटण्याची वाट पाहिलेली नसते. वाट पाहण्याचा उपदेश फक्त अंधाला होतो.

हा प्रश्न या शहराने टाळावा अशी परिस्थितीही नाही. २०१० साली या जिल्ह्याला महाराष्ट्राची पर्यटन राजधानी म्हणून जाहीर करण्यात आले. अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही ठिकाणे १९८३ पासून जागतिक वारसा मानली जातात. दौलताबादचा किल्ला आहे, बीबीचा मकबरा आहे, विद्यापीठाच्या परिसराला लागून असलेल्या सोनेरी महालात राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे, विद्यापीठाच्या इतिहास विभागाचे स्वतःचे संग्रहालय आहे, आणि महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालय आहे. इतका ऐवज एका जिल्ह्यात आहे, आणि तो सारा जनतेच्या मालकीचा आहे. २०११ च्या जनगणनेने देशात पन्नास लाखांहून अधिक दृष्टिबाधित माणसे मोजली. महाराष्ट्रात साडेपाच लाखांहून अधिक. ही माणसेही त्या जनतेत मोडतात. मालकाला आपल्या वस्तूची ओळख करून घ्यायची असेल तर ती बोटांनीच होऊ शकते. आणि नेमकी तेथेच पाटी असते: ‘वस्तूंना हात लावू नये’.

पाटी खोडसाळपणाने लावलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. हाताचा घाम आणि तेलकटपणा यांनी वस्तू खराब होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांना तर कोणाचाच हात लागता कामा नये, अंधाचाही नाही. पण ही चित्रे आजवर बिघडवली कोणी, हेही एकदा विचारले पाहिजे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी वाघोरा नदीच्या घळीत उतरला आणि दहाव्या लेण्यात त्याने आपले नाव व तारीख चित्रावर कोरून ठेवली. त्याचे डोळे शाबूत होते. १९२० नंतर निजाम सरकारने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचे रोगण चढवले. पुढे ते काळवंडले आणि उतरवण्याचे काम कित्येक पिढ्यांना पुरले. ते तज्ज्ञही डोळसच होते. दोन शतकांत अजिंठ्याला जे घाव बसले ते पाहणाऱ्यांनी दिलेले आहेत. अंधाचा हात तेथवर पोचलाच नाही.

पाहणाऱ्यांसाठी मात्र काय काय केले गेले! रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनला नेल्या आणि १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून तेरा वर्षे तेच काम करीत राहिले. त्यांतल्या पुष्कळ नकला १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. तरीही कोणी थांबले नाही. १९०९ ते १९११ मध्ये लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्याबरोबर नंदलाल बोस आले. अलीकडे, २०१३ साली, जपानच्या कर्जाच्या साहाय्याने पर्यटन विकास महामंडळाने फर्दापूरजवळ अभ्यागत केंद्र उभे केले आणि त्यात लेणी क्रमांक १, २, १६ आणि १७ यांच्या प्रतिकृती मांडल्या. काही वर्षांतच वीज-पाण्याच्या थकबाकीपायी केंद्राला टाळे लागले, हा नोकरशाहीच्या कर्तबगारीचा वेगळा अध्याय आहे. सांगायचे ते एवढेच की प्रतिकृती करण्याला या देशात ना पैसा कमी पडला, ना कसब, ना चिकाटी. लंडनच्या माणसाला अजिंठा दिसावा म्हणून एका माणसाने आपले आयुष्य त्या घळीत काढले. तो फर्दापूरच्या अंध मुलाला समजावा म्हणून कोणी किती दिवस काढले?

स्पर्श ही काही परदेशातून आणलेली नवी कल्पना नव्हे. वेरूळच्या लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर घृष्णेश्वराचे मंदिर आहे. तेथे भाविक गाभाऱ्यात जातो आणि लिंगाला हात लावतो; त्याला नुसते पाहून परत जा असे कोणी म्हणत नाही. पंढरपुरात पदस्पर्शदर्शनासाठी वारकरी तासन्‌तास रांगेत उभा राहतो. कोट्यवधी हातांनी आणि कपाळांनी ती पाऊले झिजली. म्हणून पुरातत्त्व खात्याचे तज्ज्ञ येतात, मूर्तीवर वज्रलेप करतात, २०२० सालीही तो केला गेला, आणि पदस्पर्श पुन्हा सुरू होतो. झीज होते म्हणून स्पर्श कायमचा बंद करावा असे सरकारला सुचवण्याची छाती आहे कोणाची? याचा अर्थ सरळ आहे. जेथे समाजाला स्पर्श मोलाचा वाटतो तेथे तो झिजेची सोय लावतो; जेथे मोलाचा वाटत नाही तेथे पाटी लावतो. कीर्तनात जन्म काढलेल्या अंध वारकऱ्याला विठ्ठल बोटांनी ठाऊक असतो. कैलास लेणे मात्र त्याला फक्त ऐकून ठाऊक.

या जिल्ह्याच्या भूमीवर स्पर्शाची आणखी एक आठवण आहे आणि ती सोयीची नाही. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला आले असता दौलताबादचा किल्ला पाहण्यासाठी थांबले. प्रवासाची धूळ अंगावर होती. वेशीजवळच्या हौदावर काहींनी हातपाय धुतले. अस्पृश्यांनी पाणी बाटवले म्हणून आरडाओरडा झाला, माणसे जमली, प्रकरण हातघाईवर येण्याच्या बेतात आले. आणि अखेर किल्ला पाहू दिला तो पाण्याला कोठेही स्पर्श करायचा नाही या अटीवर, बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. अंधाची वंचना आणि अस्पृश्याची विटंबना एकच आहेत असे म्हणणे दोघांवरही अन्याय करणारे होईल. अस्पृश्याच्या स्पर्शाला विटाळ मानले गेले, अंधाच्या स्पर्शाला कोणी विटाळ म्हणत नाही. तरीही सार्वजनिक वास्तूत प्रवेश द्यायचा आणि ज्या मार्गाने ती वास्तू माणसाची होते तो मार्ग पहारा ठेवून बंद करायचा, या व्यवस्थेची ओळख ज्या शहराला इतकी जवळून आहे त्याने ती दुसऱ्या वेशात आल्यावर न ओळखावी, हे बरे नव्हे.

कायदा काय म्हणतो? कायदा बराच काही म्हणतो. संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार भारताने २००७ साली मान्य केला. त्याचे तिसावे कलम सांस्कृतिक जीवनातील सहभागाचे आहे. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याचे एकोणतिसावे कलम सांस्कृतिक जीवन हा इतरांच्या बरोबरीचा हक्क मानते, आणि कला अपंगांना सुगम करण्याची जबाबदारी शासनावर व स्थानिक संस्थांवर टाकते. याच कायद्याने अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये झाले. मुदत जून २०२२ मध्ये संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या पातळीवर ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करण्याचे केंद्राला फर्मावले. कागदावर आता काही कमी नाही.

आणि नावेही बदलून झाली आहेत. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून ‘विकलांग’ शब्दाऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. नामांतराचे महत्त्व मराठवाड्याला कोणी शिकवू नये. विद्यापीठाच्या नामांतरासाठी येथे माणसे मेली, घरे जळाली, सोळा वर्षे लढा चालला आणि १९९४ साली तो संपला. ते नामांतर लोकांनी मागून घेतलेले होते, त्यामागे हक्क होता. ‘दिव्यांग’ हा शब्द कोणत्या मोर्चाने मागितला होता? तो वरून आला, कृपेसारखा. आंधळ्याला दिव्य ठरवले की त्याच्यासाठी मेज, मूर्ती आणि माणूस ठेवण्याची गरज उरत नाही. दिव्यदृष्टीला प्रतिकृती कशाला लागते? त्यापेक्षा ‘अंध’ हा जुना, रोखठोक शब्द बरा. त्यात निदान काय करायला हवे ते कळते.

काय करायला हवे, याविषयी संग्रहालय चालवणाऱ्यांच्या मनात जी कल्पना असते तिचा समाचार येथे घेतला पाहिजे. ती कल्पना अशी की प्रवेशद्वारी ब्रेल लिपीतील एक फलक बसवावा, जिल्हाधिकाऱ्यांच्या हस्ते त्याचे अनावरण व्हावे, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र यावे. फलक आवश्यक आहे. पण फलकावर लिहिलेले असते ते लेण्याचे वर्णन. डोळस माणसाला कोणी कैलास लेण्याच्या बाहेर उभे करून त्याच्या हाती वर्णनाचा कागद दिला आणि ‘झाले पाहून’ असे म्हटले, तर तो तिकिटाचे पैसे परत मागेल. शिवाय सर्वच अंधांना ब्रेल येते असे मानणे हे डोळसांचे अज्ञान आहे. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ साली ठरली खरी. परंतु उतारवयात दृष्टी गेलेला गिरणी कामगार किंवा शेतमजूर ती कोठे शिकणार? त्याला आवाज हवा. मराठीत हवा, हिंदीत हवा आणि या शहरात उर्दूतही हवा. ज्याला थोडे दिसते त्याला ठळक, मोठी अक्षरे आणि पुरेसा उजेड हवा. आणि या सगळ्यांना वस्तू हवी.

वस्तू म्हणजे बाजारात मिळणारी शोभेची मूर्ती नव्हे. येथे खरा विचार सुरू होतो, आणि तो अवघड आहे म्हणूनच टाळला जातो. डोळा प्रथम संपूर्ण आकृती पाहतो आणि मग तपशिलाकडे वळतो. हाताचा क्रम उलटा आहे. हाताला प्रथम तपशील भेटतो, एक कड, एक खाच, एक बोट, आणि त्यांतून संपूर्ण आकृती मनात जुळवावी लागते. म्हणून हातासाठी एका वस्तूचे दोन नमुने लागतात: एक दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढा, ज्यावरून घडण समजते, आणि दुसरा मूळ मापाचा एखादा भाग, ज्यावरून आकारमान समजते. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे सात मीटर लांब आहे. तिची दोन-अडीच फुटी प्रतिकृती मेजावर ठेवली तर अंध मुलाला कळेल की बुद्ध उजव्या कुशीवर निजला आहे, हात उशाशी आहे, पाय एकावर एक आहेत. पण ती मूर्ती केवढी आहे हे त्याला कळणार नाही. त्यासाठी शेजारी त्या पावलाचा एक तुकडा मूळ मापात हवा. तळहात त्या अंगठ्यावर ठेवला की उरलेले सात मीटर तो स्वतः मोजेल.

कैलास लेण्याबाबत तर गंमत अशी आहे की ते डोळसालाही एका दृष्टिक्षेपात दिसत नाही. डोंगर वरून खाली कोरत जाऊन, लाखभर टनांहून अधिक दगड काढून टाकून, आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी अखंड पाषाणातून ते मंदिर मोकळे केले. खाली अंगणात उभा राहिलेला प्रवासी मान वर करून थक्क होतो. वरून कसे उतरत आले हे त्याला समजत नाही. डोंगराचा उभा छेद दाखवणारा दगडी नमुना केला, ज्यात एका टोकाला अखंड कातळ, मग पहिला चर, मग शिखर, मग अर्धे सुटलेले मंदिर, अशा पायऱ्या असतील, तर बोटे वरून खाली उतरत जातील आणि हातांना ते काम त्याच क्रमाने समजेल ज्या क्रमाने ते झाले. अंधांसाठी केलेला असा नमुना शाळकरी मुले अंधांच्या आधी गराडा घालून पाहतील.

चित्राचे काय, असा पेच नेहमी टाकला जातो. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी हाताला कसा दाखवणार? उठावचित्र करून, पण सगळ्या रेषा उठवून नव्हे. मूळ चित्रातील प्रत्येक रेष उठवली तर बोटांना फक्त काटेरी गोंधळ भेटतो. पार्श्वभूमी काढून टाकावी लागते. एका फलकात केवळ देहाची ठेवण असावी, मान कोठे कलते, कमरेत बाक कोठे येतो, कमळ कोणत्या हातात आहे. दुसऱ्या फलकात केवळ मुकुट. वस्त्र, त्वचा, दागिना यांना वेगवेगळा पोत द्यावा लागतो आणि तो सर्व फलकांत सारखाच ठेवावा लागतो. रंग हाताला देता येत नाही. ते प्रामाणिकपणे सांगावे आणि जे देता येते ते नीट द्यावे. किंबहुना काही गोष्टी अशा आहेत की त्या डोळसाला कधीच मिळत नाहीत. अजिंठ्याची भिंत म्हणजे टाकीच्या घावांनी खरबरीत केलेला कातळ, त्यावर माती, तूस आणि वनस्पतींचे धागे यांचा जाड गिलावा, त्यावर बारीक गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग चित्र. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले, आणि त्या संशोधनात याच शहरातल्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाचा वाटा होता. हे थर एकाशेजारी एक मांडले, कातळापासून गुळगुळीत चुन्यापर्यंत, तर हात फिरवता फिरवता भिंत तयार होताना समजेल. याला खर्च किती? एका गवंड्याची मजुरी आणि चार पाट्या माती.

मूळ वस्तूही सगळ्या काचेआड कोंडण्याची गरज नाही. पुरातत्त्वाच्या कोठारांत उत्खननात निघालेल्या खापरांचे आणि विटांचे ढीग असतात. त्यांतली नोंद झालेली, जोड नसलेली खापरे हाताळायला देता येतात. चाकावरून उतरलेल्या घागरीच्या आतल्या अंगाला कुंभाराच्या बोटांचे वळ असतात. पैठणच्या सातवाहनकालीन कुंभाराच्या बोटांच्या वळात आजच्या अंध मुलाची बोटे बसतील. काचेपलीकडून पाहणाऱ्याला ते वळ दिसतही नाहीत. आणि हिमरू आणि पैठणीचे काय? पैठणीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा विणलेला असतो. हिमरूच्या पाठीवर मोकळे धागे लोंबतात. हा फरक जाणकार कापड उलटून बोटांनीच पारखतो. या जिल्ह्याने जगाला दिलेल्या या दोन वस्त्रांची परीक्षा जर हातानेच होते, तर ती काचेच्या पेटीत ठेवून कोणाची सोय साधली जाते? बिदरीचे उदाहरण नेमके उलट आहे. तिच्यात चांदी इतकी सपाट बसवलेली असते की बोटांना नक्षी लागतच नाही. म्हणून तेथे अर्धवट घडलेला नमुना ठेवावा लागेल, रिकाम्या खाचा कोरलेला, चांदी भरण्यापूर्वीचा. एवढा विचार वस्तूवस्तूगणिक करावा लागतो. तो कार्यालयात बसून होत नाही.

तो अंधांना बरोबर घेऊनच होतो. कच्चा नमुना आधी अंध माणसाच्या हाताखालून गेला पाहिजे. त्याने नापास केला तर तो पुन्हा झाला पाहिजे. आणि या कामाची त्याला मजुरी मिळाली पाहिजे, चहा आणि शाल-श्रीफळ नव्हे. नमुना कोणत्या द्रव्याचा असावा यावरही त्याचे मत चालले पाहिजे. स्वस्तात मिळते म्हणून फायबरची मूर्ती केली की ती हाताला बादलीसारखी लागते, आणि बेसाल्टचा गारवा व वजन यांतले काही उरत नाही. खाणीतला काळा दगड याच जिल्ह्यात आहे, तो घडवणारे पाथरवट आणि वडार याच जिल्ह्यात आहेत, आणि त्यांच्या हातांना वर्षातून कित्येक महिने काम नसते. रोजगाराचा प्रश्न आधी सोडवा असे म्हणणाऱ्या मित्रांनी हा हिशेब करून पाहावा.

राहिला खर्चाचा आणि संख्येचा मुद्दा. ‘अंध येतातच किती?’ असे विचारले जाते. येतील कशाला? अंधशाळेची सहल संग्रहालयात न्यायची म्हणजे मुलांनी दालनांतून ओळीने चालायचे, शिक्षकाने काचेतले वाचून दाखवायचे आणि पहारेकऱ्याने मुलांच्या हातांवर लक्ष ठेवायचे. अशी सहल कोणता शिक्षक दुसऱ्यांदा काढील? विहिरीला दोर ठेवायचा नाही आणि पाणी भरायला कोणी येत नाही म्हणून विहीर निरुपयोगी ठरवायची, असला हा न्याय आहे.

श्रीमंत देशांनाच हे परवडते असेही नाही. इंग्लंडमधील संडरलंड हे कोळसा आणि जहाजबांधणीचे, कष्टकऱ्यांचे गाव. तेथल्या नगरपालिकेच्या संग्रहालयाचे प्रमुख चार्ल्टन डीस यांनी १९१३ साली अंध मुलांसाठी आणि प्रौढांसाठी वस्तू मेजांवर आणि जमिनीवर मांडल्या, पेंढा भरलेले प्राणी आणि सांगाडेसुद्धा, आणि मुलांनी हातांनी पाहिलेले प्राणी नंतर मातीत घडवले. तेव्हा ना कोणता कायदा होता, ना कोणता जागतिक करार. ग्रीसमध्ये अथेन्सला १९८४ पासून स्पर्शाचे संग्रहालय आहे. इटलीतील अंकोना शहराच्या नगरपालिकेने १९९३ साली एका अंध दांपत्याच्या प्रेरणेने असेच संग्रहालय उघडले आणि १९९९ मध्ये ते राष्ट्रीय संग्रहालय झाले. आपल्या देशात दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ साली ‘अनुभव’ हे दालन बावीस प्रतिकृतींनिशी सुरू केले. दिल्लीला जे जमले ते अजिंठा-वेरूळच्या जिल्ह्याला जमवता येत नाही असे म्हणायचे असेल, तर मराठवाड्याच्या मागासलेपणाचे गाऱ्हाणे दुसऱ्यांपुढे गाण्याचा अधिकार सोडून द्यावा लागेल.

येथे एक धोका आहे. मागणी जोर धरू लागली की एखादी कंपनी सामाजिक बांधिलकीच्या निधीतून चार मूर्ती देऊ करील, त्यांच्यावर आपले नाव मोठ्या अक्षरांत कोरील आणि प्रश्न सुटला असे जाहीर होईल. अंधाला जे मिळायचे ते देणगी म्हणूनच मिळावे, ही भावना आपल्या समाजात फार खोल आहे. रेल्वेच्या डब्यात हात पसरणारा अंध सर्वांना ओळखीचा आहे, म्युझियमच्या खिडकीवर तिकीट काढून आत येणारा अंध ओळखीचा नाही. खासगी देणगी नाकारावी असे नव्हे. पण ज्या वस्तू सार्वजनिक मालकीच्या आहेत त्यांच्यापर्यंत पोचण्याचा मार्ग सार्वजनिक पैशातून झाला पाहिजे, त्याची देखभाल करणारा माणूस आस्थापनेवर असला पाहिजे, आणि प्रतिकृती झिजली की नवी करण्याची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात दिसली पाहिजे. फर्दापूरला काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. तेथल्या प्रतिकृती पुन्हा लोकांसाठी वापरात आणताना त्या तशाच डोळ्यांपुरत्या ठेवायच्या की त्यांतला एक हिस्सा हातांना मोकळा करायचा, हा प्रश्न पर्यटन महामंडळाला लेखी विचारला गेला पाहिजे.

पैसा कोठून येणार, हेही राज्याच्या आदेशांतच लिहिलेले आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करायची आहे. कार्यकर्त्यांनी महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करून गेल्या पाच वर्षांचा हा हिशेब मागावा: किती रक्कम निघाली, किती खर्ची पडली, आणि तीतून शहराच्या पुराणवस्तू संग्रहालयात हाताने पाहण्यासारखी एक तरी वस्तू आली काय. हाच प्रश्न सोनेरी महालासाठी पुरातत्त्व विभागाला आणि विद्यापीठाच्या संग्रहालयासाठी कुलगुरूंना विचारता येईल. अर्ज देण्याआधी मात्र दोन-चार अंध मित्रांना घेऊन तिन्ही ठिकाणी एकदा जाऊन यावे. दारातच पहारेकऱ्याला विचारावे की यांना पाहायला काय आहे, आणि तो जे सांगेल ते तारीख घालून अर्जात उतरवावे.